भूखंड मिळत नसताना घर कोठे आणि कसे बांधले? : अनुभवांचा धागा

गेली दोन वर्षे आम्ही शहरात घर बांधण्यासाठी रिकामा भूखंड शोधत आहोत. जे भूखंड दाखवले जातात ते एक तर आमच्या आवाक्याबाहेरचे असतात, नाही तर त्यांच्या कागदपत्रांत वारसांची, हद्दीची किंवा रस्त्याची काही ना काही अडचण निघते. आईवडिलांचे चाळीस वर्षांपूर्वीचे एकमजली घर आहे. त्यावर मजला चढवण्याचा विचार मनात येतो, पण त्या घराचा पाया कसा आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तो विचार आम्ही दर वेळी बाजूला ठेवतो. मोकळी जमीन जवळपास संपलेल्या शहरात ज्यांनी तरीही स्वतःचे घर उभे केले, त्यांनी कोणता मार्ग धरला आणि कोणती गोष्ट आधी तपासली असती तर पुढचा मनस्ताप टळला असता, हे कृपया सविस्तर लिहावे. दरांची तुलना नको, कारण ते ठिकाणागणिक बदलतात.

*

आम्ही जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधले. भूखंड ९ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल, म्हणजे १३५ चौरस मीटरचा. जुने घर आजचे नियम लागू होण्यापूर्वीचे असल्यामुळे त्याने १०० चौरस मीटरहून अधिक जागा व्यापली होती आणि त्याची एक बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होती. नव्या बांधकामासाठी समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड मीटर सामासिक अंतर सोडावे लागले, तेव्हा आमच्या हाती ६ बाय साडेदहा, म्हणजे ६३ चौरस मीटरचे जोते उरले. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. आम्ही तो घर पाडल्यानंतर केला. जुन्या बाहेरच्या भिंती राखून आतून दुरुस्ती करण्याची मुभा अनेक ठिकाणी असते, पण एकदा घर जमीनदोस्त केले की ती मुभा हातची जाते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या अभियंत्याने आग्रहाने करून घेतली आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. पाडकाम सुरू होण्यापूर्वी त्यांनी शेजाऱ्यांच्या घरातील प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून घेतली आणि जिथे आधीपासून तडे होते तिथे तड्यावर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तिच्या शेजारी तारीख लिहिली. तडा वाढला की काच तडकते, न वाढल्यास ती तशीच राहते. सात पट्ट्यांपैकी दोन तडकल्या. त्या दोन तड्यांची दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने करून दिली, आणि उरलेल्या पाचांबद्दल शेजाऱ्यांनी एक शब्दही काढला नाही. शेजारधर्म टिकला तो त्या काचांमुळे.

*

वाढीव मजल्याबद्दल लिहिते, कारण धागाकर्त्यांचा प्रश्न मुख्यतः तोच दिसतो. आमच्या घराच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या पुढच्या मजल्यासाठी म्हणून वर काढून ठेवलेल्या होत्या, आणि त्या आहेत म्हणजे मजला चढवता येणारच, असे आम्ही वीस वर्षे गृहीत धरून चाललो होतो. अभियंत्यांनी तारेच्या ब्रशने एका सळीवरचा गंज खरवडला. त्याचे पापुद्रे सुटून पडले. मग त्यांनी व्यास मोजला, तर १६ मिलिमीटरची सळी १४ वर आली होती. दोन मिलिमीटरने काय बिघडते, असे मला वाटले होते. पण छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे सळीची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली होती. गच्चीचे काँक्रीट फोडून आतील शाबूत सळीपर्यंत जावे लागले आणि तिथून नवी सळी जोडावी लागली.

त्याहून महत्त्वाची तपासणी खाली झाली. जुने आराखडे हरवले असल्यामुळे दोन कॉलमांलगत खड्डे खणून पायाचे माप आणि खोली प्रत्यक्ष पाहण्यात आली, आणि काँक्रीटची ताकद हातोडीच्या चाचणीने तसेच नमुना कापून काढून तपासण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की आणखी एक मजला शक्य आहे, पण तो हलका असायला हवा. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला साधारण १९०० किलो भरते, तर हवायुक्त काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ६०० च्या आसपास. म्हणून भिंती त्या ठोकळ्यांच्या केल्या. १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला पावणेचारशे किलो होते, म्हणून छपरासाठी स्लॅब न घालता लोखंडी सांगाडा उभारून त्यावर उष्णतारोधक पत्रे बसवले. पावसाचा आवाज सुरुवातीला फार जाणवतो, हे मान्य करायला हवे. घर खाली भावाचे आणि वर आमचे असे आहे, त्यामुळे गच्चीचा हक्क कोणाचा आणि यापुढे वर बांधण्याचा अधिकार कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी नोंदणीकृत करारात लिहून घेतले. भावाभावांत कागद कशाला, असे नातेवाइकांनी सुचवले होते. पण आज आम्ही दोघेही त्या कागदामुळे निर्धास्त आहोत.

*

स्वस्त भूखंड दिसला की तो स्वस्त का, हे जमिनीला विचारावे. आम्ही घेतलेली जागा सपाट, चौकोनी आणि रस्त्याला लागून होती. खरेदीनंतर माती परीक्षणासाठी दोन ठिकाणी भोके घेतली, तेव्हा एका कोपऱ्यात दीड मीटरवर कठीण थर लागला आणि दुसऱ्या कोपऱ्यात साडेचार मीटरपर्यंत राडारोडा, प्लास्टिक आणि काळा चिखलच वर येत राहिला. तिथे पूर्वी खाण होती आणि ती भरून जमीन केलेली होती. भराव सगळीकडे सारखाच खचला असता तर एक वेळ घर सगळेच्या सगळे खाली बसले असते. पण एक बाजू खडकावर आणि दुसरी भरावावर असली की घर दुभंगते. त्यामुळे पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले खांब, घालून संपूर्ण भार खालच्या खडकावर न्यावा लागला आणि जमिनीत जे वाचले ते जमिनीतच गेले. मेक्सिको सिटीचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेला आहे आणि तेथील जुन्या इमारती एकीकडे कललेल्या दिसतात, हे मी शाळेत वाचले होते, पण स्वतःच्या भूखंडाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. खरेदीच्या बोलणीतच विक्रेत्याकडून माती परीक्षणाची परवानगी मागावी. जो ती नाकारतो, त्याची जमीन घेऊ नये.

*

आम्ही भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बांधले. बाकी सर्व सुरळीत झाले. पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हे आधी पाहावे, कारण कर्ज देणारे ते पाहतात आणि पुढे घर विकताना घेणाराही तेच पाहतो.

*

सासू-सासऱ्यांच्या घरामागच्या परसात आम्ही ४५ चौरस मीटरचे छोटे घर बांधले. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून अशा दुय्यम घरांसाठीचे नियम बरेच सैल केले. जिथे नियम अजून तसे झालेले नाहीत तिथे परवानगीची चौकशी सर्वांत आधी करावी. परवानगीनंतर आमची खरी परीक्षा सांडपाण्याने पाहिली. मलवाहिनीचे चेंबर समोर रस्त्याच्या बाजूला, आणि नवे घर त्यापासून २४ मीटर मागे. ६० मीटरला १ मीटर उतार धरला, तर तेवढ्या अंतरात ४० सेंटिमीटरची घसरण हवी. गवंड्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी चेंबरपासून परसापर्यंत धरली. दोन्ही टोकांची पातळी स्थिरावेपर्यंत आम्ही सारे श्वास रोखून उभे होतो, आणि मग कळले की मागची जमीन त्या हिशेबाने ३० सेंटिमीटर खाली आहे. जोते तेवढे उचलले, दारापुढे दोन पायऱ्या वाढल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्यांच्या जागी नंतर लांब उतार केला. घराची उंची आमच्या वास्तुविशारदाने नव्हे, तर त्या चेंबरच्या तळाने ठरवली. परसाकडे जाणारा बोळ जेमतेम सव्वा मीटरचा असल्यामुळे प्रत्येक वीट आणि प्रत्येक पाटी माणसांनी वाहून नेली. मजुरीचा अंदाज करताना हे धरायला विसरू नये.

*

पाच कुटुंबांनी मिळून एक जुना बंगला घेतला आणि त्या जागी पाच घरांची इमारत बांधली. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात, फ्रेंच सैन्याने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीच्या जागी वोबाँ ही वसाहत उभी राहिली आणि तिथे अशा बांधकाम-गटांनी बरीच घरे बांधली, हे वाचून आम्हाला धीर आला होता. मधला विकासक नसल्यामुळे नफ्याचा भाग वाचतो आणि प्रत्येकाला आपल्या गरजेप्रमाणे घर मिळते, हे खरे आहे. मात्र सर्व निर्णय सर्वांनी घ्यायचे असतात, आणि जिन्याच्या कठड्यावरूनही आमच्या तीन बैठका झाल्या. पाया भरून झाल्यावर एका कुटुंबाला बदलीमुळे बाहेर पडावे लागले. करारात बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या हिशेबाने घ्यायचा हे कलम वकिलांनी घातले होते म्हणूनच काम थांबले नाही. ज्या मैत्रीच्या भरवशावर आपण गट करतो, ती मैत्री टिकवायची असेल तर हे कलम पहिल्याच बैठकीत लिहावे.

*

सर्वांचे मनापासून आभार. वाढीव मजल्याचा अनुभव वाचल्यानंतर आम्ही एका अभियंत्याला बोलावून वडिलांच्या घराच्या मागच्या कोपऱ्यालगत खड्डा खणून घेतला. वडील दिवसभर खुर्ची टाकून तिथेच बसले होते. सव्वा मीटरवर पायाचा तळ लागला. दगडी बांधकाम सलग आहे, खाली कठीण थर आहे आणि ओल नाही. मात्र घर भिंतींवर उभे आहे, त्यात कॉलम नाहीत. त्यामुळे वरचा मजला खालच्या भिंतींच्या रेषेतच घ्यावा लागेल, असे अभियंत्यांनी सांगितले. काँक्रीटच्या चाचण्या पुढच्या आठवड्यात आहेत. भिंतींवर उभ्या असलेल्या घरावर ज्यांनी मजला चढवला आहे, त्यांनी जिना आतून काढला की बाहेरून, हे कृपया लिहावे.