सिस्टिम अ‍ॅनालिसिस शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

ताळेबंद: बीकॉम झालंय, टॅलीवर काम करते. बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हायचं डोक्यात आहे, म्हणजे कामकाज समजून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये काय हवं ते मांडणं, पण कोडिंगचा गंध नाही. क्लास लावू की घरी जमेल?

रानवारा: क्लासचे पैसे वाचव. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयएससीच्या प्रा. राजारामन यांचा सिस्टिम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइनचा कोर्स फुकट आहे. जुना आहे, पण पाया पक्का होतो. मात्र नुसतं बघून काही येणार नाही. ओळखीतला एखादा खराखुरा व्यवहार धर. गावची दूध संस्थाच घे ना. उत्पादक दूध घालतो, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) लागतं, दरपत्रकावरून दर निघतो, दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची उचल कापून घ्यायची. आधी कॉन्टेक्स्ट डायग्राम काढ: मधे एकच गोल, म्हणजे संस्थेचा सगळा कारभार, बाहेर उत्पादक, तालुका संघ, बँक. मग गोल फोडून डीएफडी, म्हणजे कुठली माहिती कुठून कुठं जाते त्याचं चित्र. एका रजिस्टरातली माहिती दुसऱ्यात आपोआप जात नाही, मधे प्रोसेस लागतेच. उचल बिलात नेमकी कुठून येते हे विचारलं की सचिवही डोकं खाजवतो. खरं काम तिथं सुरू होतं.

उलटतपासणी: डीएफडी १९७० च्या दशकातली. आता कोण काढत बसतं? यूझर स्टोरी शिका, यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची ठरलेली पद्धत) शिका.

रानवारा: पीटर चेन यांचं ईआर मॉडेलही (कुठली माहिती कशाशी जोडलेली ते मांडायची पद्धत) १९७६ चंच, म्हणून काय टेबलं मांडणं सोडलं का कुणी? "उत्पादक म्हणून मला बिल मोबाइलवर हवं" ही झाली यूझर स्टोरी. पण गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून दर ठरलाय. फॅट बसलं आणि एसएनएफ कमी आलं तर? डिसिजन टेबल, म्हणजे कुठल्या अटीला काय करायचं याचा तक्ता, मांडलं की रिकामा राहिलेला रकाना लगेच दिसतो.

मधलीसुट्टी: मी याच कामात आहे. यूएमएलमधलं यूझ केस (कोण काय करतो) आणि अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम (कामाच्या पायऱ्या) सुरुवातीला पुरे. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मात्र थोडं तरी शिकच. लेजर-व्हाउचर कळतं ही तुझी जमेची बाजू, आमच्यातल्या निम्म्या इंजिनिअरांना ते समजवावं लागतं. आकृत्या काढायला ड्रॉ.आयओ फुकट आहे, पण आधी पेन्सिल. आणि लोकांना "काम कसं करता?" विचारू नकोस, ते नियम सांगतात. "शेवटचं बिल दाखवा" म्हण.

ताळेबंद: मामेभाऊ दूध संस्थेतच आहे, काल बिलं मागवून घेतली. नासलं म्हणून परत केलेलं दूध कुठल्याच वहीत नाही. ते डीएफडीत दाखवायचं का?

मधलीसुट्टी: आधी त्याला विचार, संघाकडून परत आलं तर तोटा कुणाच्या नावावर टाकतात. मग काढ.