पंजाबचं घर कुठल्या नकाशात बसवायचं?

सतलजपार

२०१५च्या एप्रिलमध्ये घुमानला साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी गेलो होतो. भाषणं ऐकली, लंगरात जेवलो आणि शेवटच्या दिवशी आम्ही दोघं-तिघं डेरा बाबा नानकला गेलो. गाव त्याच गुरदासपूर जिल्ह्यात. सीमेवर एक चौथरा होता, त्यावर दुर्बीण. पलीकडे साडेचार किलोमीटरवर कर्तारपूर, जिथे गुरू नानकांनी शेवटची वर्षं शेती केली आणि १५३९मध्ये देह ठेवला. रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर सरदारजी होते. त्यांनी आधी जोडे काढले, मग दुर्बिणीला डोळा लावला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शिखांना 'आपलं घर' हवं म्हणजे नेमकं काय हवं? कारण घराची हद्द आखायला घेतली की दर वेळी घरातलीच एखादी खोली बाहेर राहिलेली दिसते.

रणजितसिंहांची राजधानी लाहोर. मुलतान, काश्मीर, पेशावर त्यांच्या राज्यात होतं आणि त्या राज्यात शीख अल्पसंख्य होते. परराष्ट्र व्यवहार फकीर अझीझुद्दीन बघायचे. १८४९मध्ये इंग्रजांनी ते सगळं खालसा केलं (आपल्या भाषेतला हा शब्द इथे फारच विचित्र वाटतो, पण असो). १९४१च्या जनगणनेत ब्रिटिश पंजाबच्या एकाही जिल्ह्यात शीख निम्म्याच्या वर नव्हते. अकाली दलाने १९४६मध्ये शीख राज्याचा ठराव केला खरा, पण ते राज्य मांडायचं कुठे? पुढच्या वर्षी रॅडक्लिफची रेघ आली. लाहोर, गुरू नानकांचं जन्मगाव ननकाना, कर्तारपूर गेलं. लायलपूरच्या कालव्यांवर ज्यांनी माळ फोडून शेतं केली, त्यांची शेतं गेली. १९६६मध्ये पंजाबी सुभा, म्हणजे पंजाबी भाषकांचं राज्य, मिळाला, तर हरियाणा वेगळा झाला, डोंगरी भाग हिमाचलला गेला आणि चंदीगड केंद्राने ठेवून घेतलं. आता खलिस्तानचे जे नकाशे फिरतात, त्यांतल्या बहुतेकांत ननकाना नसतं, लाहोर नसतं. पाटणा साहिब आणि आपलं नांदेड तर असणं शक्यच नाही.

माझं म्हणणं असं की सार्वभौम राज्याची कल्पना शिखांनी स्वतःहूनच सोडून द्यावी. दिल्लीला बरं वाटावं म्हणून अजिबात नको. त्या नकाशात त्यांचं घर मावतच नाही, म्हणून. अकाली दलाचा १९७३चा आनंदपूर साहिब ठराव पुन्हा काढून वाचा. केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र, चलन, दळणवळण. बाकी सगळं राज्यांकडे. त्याला फुटीर ठरवून टाकलं, पण आज तमिळनाडूसुद्धा त्यावर सही करेल. मागणी त्या जागी परत यावी.

कोथरूडचे काका

'आपलं घर' वगैरे गोड शब्द वापरण्याआधी एक तारीख सांगतो. १० ऑगस्ट १९८६. मी तेव्हा कॅम्पात नोकरीला होतो. सुवर्णमंदिरातल्या ब्लू स्टार कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले होते. स्वतः गाडी चालवत बाजारातून घरी निघाले होते, पत्नी शेजारी. दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना ९ ऑक्टोबर १९९२ला येरवड्यात फाशी झाली आणि आजही 'शहीद' म्हणून त्यांच्या बरस्या होतात. वैद्यांच्या हत्येच्या आदल्या वर्षी एअर इंडियाचं कनिष्क विमान खलिस्तानी अतिरेक्यांच्या बॉम्बने समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. तुम्ही दुर्बिणीचं सांगता, मला दुसरंच काही दिसतं.

सतलजपार

काका, यातलं एक अक्षरही नाकारत नाही. म्हणूनच तर म्हणतोय, सोडा ती कल्पना.

मुंबईसह

धागाकर्त्याशी सपशेल असहमत. काकांशीही, पण वेगळ्या कारणाने.

आपण मराठी लोक हे बोलतो तेव्हा आपल्या खिशात काय आहे ते बघा. १ मे १९६०ला राज्य मिळालं, मुंबईसकट. त्यासाठी १०६ हुतात्मे झाले आणि त्यांचं स्मारक फ्लोरा फाउंटनला दिमाखात उभं आहे. बेळगाव राहिलं तर आपण अजून दर अधिवेशनात घसा कोरडा करतो. आणि पंजाबला मात्र सांगायचं की बाबांनो, नकाशाचा मोह वाईट!

भाषावार प्रांतरचनेत १९५६ला बहुतेकांना काही ना काही मिळालं. पंजाबी सुभ्याला राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने नकार दिला, कारण भाषेच्या बुरख्याआड धर्माचं राज्य मागताहेत असा संशय. पोट्टी श्रीरामुलू तेलुगू राज्यासाठी ५८ दिवस उपोषण करून डिसेंबर १९५२मध्ये गेले, वर्षभरात आंध्र झालं. दर्शनसिंग फेरूमान चंदीगडसाठी ७४ दिवस उपोषण करून ऑक्टोबर १९६९मध्ये गेले. चंदीगड आजही केंद्रशासित आहे. जुलै १९८५च्या राजीव-लोंगोवाल करारात तारीखसुद्धा घातली होती, २६ जानेवारी १९८६. करारावर सही करणाऱ्या लोंगोवालांना महिन्याभरात अतिरेक्यांनी मारलं आणि दिल्लीने ती तारीख मारली.

पाण्याचंही तेच. रावी-बियासचं पाणी राजस्थान-हरियाणाला किती, हे पंजाबच्या विधानसभेत ठरलं नाही. सतलज-यमुना जोडकालवा अर्धवट पडून आहे. नाशिक-नगरचं पाणी जायकवाडीला सोडायचं म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते आठवा, आणि ते तर एकाच राज्यात.

तेव्हा घर 'मावत नाही' म्हणू नका. दर वेळी दुसऱ्या कुणी तरी खोली काढून घेतली आहे.

कोळीवाडा-पंजाबी

मध्येच घुसतो. आम्ही हिंदू पंजाबी, सायन कोळीवाड्यातल्या निर्वासित वसाहतीत वाढलो. आजोबा लायलपूरचे. त्यांचे धाकटे भाऊ जालंधरला स्थायिक झाले. त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत पंजाबीच, शिव्यासुद्धा. १९६१च्या जनगणनेला माणूस दारात आला तेव्हा त्यांनी मातृभाषा 'हिंदी' लिहवली. त्या काळी आर्यसमाजी वर्तुळात तसा प्रचारच होता. आजोबा पुढे कधी जालंधरला गेले की यावरून दोघा भावांची खडाजंगी व्हायची, आणि तीही अर्थात पंजाबीतच.

सुभा 'शिखांचा' झाला तो असा. भाषेवरून मागितला, आणि भाषा आम्हीच नाकारली. 'मुंबईसह' यांनी ही खोली कुणी काढून घेतली ते सांगावं.

शिवाय 'शीख आणि पंजाबी' हे एका दमात म्हणता येत नाही. जगातले बहुसंख्य पंजाबी बोलणारे पाकिस्तानात आहेत, मुसलमान आहेत. त्यांच्या हातात राज्य आहे, सैन्य आहे, आणि शाळेत मात्र पोरं उर्दू शिकतात. घर मिळालं की भाषा आपोआप जगते असं काही नाही.

बेगमपुरा

सगळे पाणी आणि चंदीगडवर बोलताहेत. जमीन कुणाची, ते कुणी विचारत नाही.

२०११च्या जनगणनेत पंजाबातले ३१.९ टक्के लोक अनुसूचित जातींचे. देशात हे प्रमाण इतकं कुठल्याच राज्यात नाही. शेती मात्र बहुतांश जाट शिखांच्या नावावर. गावागावांत मजहबी आणि रामदासिया, म्हणजे दलित, शिखांचे गुरुद्वारे वेगळे, कितीतरी ठिकाणी स्मशानंही वेगळी. गुरूंनी पंगत एक केली, गावाने पुन्हा दोन केल्या.

१९६१च्या कायद्याने गावाच्या शामलात, म्हणजे सामायिक, जमिनीतला एक तृतीयांश हिस्सा दलितांना खंडाने द्यायचा आहे. लिलाव व्हायचे, बोली दलिताच्या नावाने लागायची आणि नांगर दुसऱ्याचाच फिरायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत संगरूरच्या गावांत लोक संघटित झाले, स्वतः बोली लावून सामायिक शेती करू लागले, त्यासाठी मारही खाल्ला. जनावराला चारा आणायला बांधावर गेलं की अपमान व्हायचा. आता चारा आपल्या वाट्याच्या जमिनीत. मला विचाराल तर 'आपलं घर' या शब्दाचा पंजाबातला सगळ्यात ठोस अर्थ हाच.

बाबासाहेब १९३६मध्ये शीख धर्माचा गंभीरपणे विचार करत होते, त्याच संबंधातून माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ला उभं राहिलं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ते पुढे त्या वाटेने गेले नाहीत. खालसा राज्याच्या नकाशात त्यांच्या माणसांना किती जमीन मिळाली असती, याचा हिशेब मी मनात नेहमी करतो.

गुरू ग्रंथसाहिबात रविदासांचं 'बेगमपुरा' आहे. जिथे दुःख नाही, कर नाही, जो तो हवा तिथे फिरू शकतो असं शहर. त्याला सरहद्द दिलेली नाही.

मुंबईसह

बेगमपुरा यांचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण तो महाराष्ट्रालाही लागू आहे. गायरानांवरून मराठवाड्यात काय काय झालं! म्हणून १९६०मध्ये राज्य मागू नये असं कुणी म्हणालं नाही.

कोळीवाडा, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे.

ब्रॅम्प्टनला अडकलेला

इथे बसून लिहितो. कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेत शीख ७ लाख ७० हजारांच्या वर, लोकसंख्येच्या २.१ टक्के. आमच्या गल्लीत सहा घरं पंजाबी. त्यांच्या गाड्यांवर पिवळे झेंडे आहेत, मुलांना गुरुमुखी वाचता येत नाही. खलिस्तानच्या ज्या 'सार्वमता'साठी रांगा लागतात, तिथे मत देणाऱ्याच्या पंपाला पाणी किती फुटांवर लागतं हा प्रश्न नसतो, कारण पंपच नसतो. आपल्या महाराष्ट्र मंडळातही सह्याद्रीचं प्रेम अंतराच्या प्रमाणात वाढतं म्हणा.

पण गंमत बाजूला. जून २०२३मध्ये सरे इथे खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरची गुरुद्वाराच्या आवारात हत्या झाली, त्यानंतर शेजाऱ्यांचा सूर बदलला. ज्यांना खलिस्तानात काडीचा रस नव्हता, तेही गप्प झाले. कॅनडाने भारतावर आरोप केला, भारताने तो फेटाळला, खटला चालू झाला. खरंखोटं कोर्टात ठरेल. तोवर झेंडे वाढलेत.

कोथरूडचे काका

म्हणजे हे सगळं बाहेरचंच खूळ आहे. पंजाबात कुणाला पडलेलं नाही.

मुंबईसह

काका, २०२४ची लोकसभा. खडूर साहिबमधून खलिस्तानवादी अमृतपालसिंग दिब्रुगडच्या तुरुंगात बसून जवळपास दोन लाखांच्या फरकाने निवडून आला. फरीदकोटमधून इंदिराजींच्या मारेकऱ्याचा मुलगा. कसं म्हणता पडलेलं नाही?

सतलजपार

त्याच निवडणुकीत १३पैकी ७ जागा काँग्रेसला गेल्या, जिच्या नावावर १९८४ आहे. अकाली दलाला एक. याचा अर्थ लावताना मलाही चक्रावायला होतं. १९८९मध्येही तरनतारनमधून सिमरनजितसिंग मान तुरुंगातून निवडून आले होते. मला वाटतं पंजाब असं मत देतो तेव्हा त्याला वेगळा देश नको असतो, त्याला कुणाला तरी उत्तर मागायचं असतं. दिल्लीत १९८४मध्ये सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ माणसं मारली गेली. काँग्रेसच्या सज्जनकुमारला जन्मठेप व्हायला २०१८ उजाडलं. मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा अमृतसरच्या स्मशानांतल्या नोंदी घेऊन हिंडले, १९९५मध्ये पोलिसांनी त्यांनाच गायब केलं. नंतर सीबीआयच्या तपासात नुसत्या अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा दहनं निघाली. ज्यांचा मुलगा त्या यादीत आहे, त्यांना संघराज्याच्या गोष्टी सांगायला मीही धजणार नाही.

दक्खनी सरदार

उशिरा येतोय. नांदेडचा आहे. आमचं घराणं रणजितसिंहांच्या काळात निजामाकडे आलेल्या लष्करातलं. घरात दक्खनी आणि मराठी चालते. पंजाबात गेलो की आम्हाला 'हजूरी' म्हणतात, आणि आमची पंजाबी ऐकून हसतात. इथे अनोळखी माणूस हिंदीत सुरू करतो, मी मराठीत उत्तर दिलं की दचकतो. आता सवय झाली.

सतलजपार, तुमचं 'घर नकाशात मावत नाही' वाचायला छान वाटतं. पण १९८४मध्ये जी माणसं जळाली ती पंजाबबाहेरची होती. दिल्लीची, कानपूरची, बोकारोची. सगळीकडे घर असणाऱ्याला कुठेच आडोसा नाही, हे तेव्हा कळलं. आपला एक तुकडा असावा असं वाटणं तिथून येतं. ती भीती तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

आता दुसऱ्या बाजूने. २०११च्या जनगणनेत देशातले शीख २ कोटी ८ लाख, त्यातले पंजाबात १ कोटी ६० लाख. म्हणजे माझ्यासारखे ४८ लाख बाहेर. उद्या तिकडे देश झाला तर आमचं काय? १९४७मध्ये लाहोर-अमृतसरमध्ये जे झालं ते. खलिस्तानचा झेंडा लावणाऱ्या एकानेही मला याचं उत्तर दिलेलं नाही, आणि मी विचारलं आहे.

मला जे हवं ते फार छोटं आहे. आमच्या नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाराचा कारभार १९५६च्या कायद्याने चालतो. २०१५मध्ये तो बदलून बोर्डाचा अध्यक्ष सरकारने नेमायचं ठरलं. नंतर बोर्डात सरकारी माणसं वाढवायचा घाट घातला गेला, गावात मोर्चे निघाले, मग थांबलं. पंजाबात १९२०च्या दशकात महंतांच्या ताब्यातून गुरुद्वारे सोडवायला लोकांनी जीव दिले आणि १९२५चा कायदा मिळवला. तिथेही गुरुद्वारांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी समितीची निवडणूक २०११नंतर झालेली नाही. आपल्या गुरुद्वाराची चावी आपल्या मताने ठरावी, एवढं जरी झालं तरी मी तुमच्या चर्चेतून उठून जाईन.

सतलजपार

भीतीचा मुद्दा राहिला, खरंच राहिला. त्यावर विचार करून लिहीन. एक विचारू? फाळणीनंतर अरदासमध्ये, म्हणजे रोजच्या प्रार्थनेत, ननकाना आणि सुटलेल्या गुरुद्वाऱ्यांच्या दर्शनाची ओळ आली. नांदेडलाही ती म्हणतात का?

दक्खनी सरदार

रोज. आई ती ओळ आली की पदर सावरायची, इतकं मला लहानपणापासून आठवतं. ती कधी सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरच्या पुढे गेली नव्हती.

कर्तारपूरची वाट नोव्हेंबर २०१९ला उघडली. मी २०२३मध्ये तिला घेऊन गेलो. व्हिसा नाही, पाकिस्तानला माणशी वीस डॉलर. सकाळी जायचं, संध्याकाळपर्यंत परत यायचं, रात्र काढता येत नाही. आई विहिरीपाशी बसून राहिली, तिला उठवून आणावं लागलं. ७ मे २०२५ला आपल्या बाजूने ती वाट बंद केली. तुम्ही सांगितलेली ती दुर्बीण आम्ही गेलो तेव्हा मला दिसली नव्हती. परत बसवली असेल तर सांगा, आई विचारत होती.