मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वेगळी नेतृत्व शिबिरं हवीत का?

जुना सोलापूरकर (धागाकर्ता):
दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे मुस्लिम कॉलेजकुमारांसाठी दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर झालं. कुणी भरवलं ते सोडा. सकाळी दर्स-ए-कुरआन (कुराणावरचं प्रवचन), मग व्यक्तिमत्त्व विकास, दुपारी एका अधिकाऱ्याचं 'मी यूपीएससी कशी केली', शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. पोरं खूश. यात नेतृत्व कुठलं आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

शिबिरं हवीत, वेगळीही हवीत. पण शिकवायचं काय? आमच्या गल्लीतला तांबोळी मुलगा इंजिनिअरिंगला लागला. ओबीसीचा दाखला मिळाला, पण जात पडताळणी समितीकडे व्हॅलिडिटी अडकली. पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा हवा आणि आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. मग चुलत आजोबांचा दाखला शोधा, जुन्या खरेदीखतात पानाच्या धंद्याची नोंद सापडते का बघा, वंशावळीचं शपथपत्र करा. बाप पानटपरी सोडून तीन महिने हेच करत होता. गल्लीतल्या दहा घरांची अशी फाइल उभी करू शकणारी चार पोरं शिबिरातून निघाली, तर त्यांना मी नेते म्हणेन.

मुस्लिमांच्या मागासलेपणावरचे सच्चर समितीचा २००६ चा आणि महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा, हे दोन्ही अहवाल भाषणात सगळ्यांना तोंडपाठ. २०१४ चा ५ टक्के मुस्लिम आरक्षणाचा अध्यादेश बारगळला, त्यावरही तावातावाने बोलतात. पिंजारी, तांबोळी, मोमीन यांचं ओबीसी आरक्षण आजही शाबूत आहे, ते कागदावाचून वाया जातंय.

सरळमार्गी:
सोलापूरकर, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. कुंभाराच्या पोराला वेगळी समिती आहे का? तीच समिती, तेच १९६७. मग शिबिर ओबीसींचं घ्या, सगळ्यांना बोलवा. धर्माच्या नावाने तंबू ठोकला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मौलाना किंवा आमदार व्यासपीठावर येतोच. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते समाजाला धर्मगुरूंच्या हातून सोडवायला. पन्नास वर्षांनी तुम्ही दिवसाची सुरुवात दर्सने करताय.

जुना सोलापूरकर:
कुंभाराच्या आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू कुंभार' सापडतं हो. आमच्यात जातच लिहिलेली नसते.

दसरा चौक:
वेगळं म्हटलं की लोक फुटीरपणच का बघतात? आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. मराठा, जैन, लिंगायत, सगळ्यांची बोर्डिंगं वेगळी. राहायला वेगळे, शिकायला एकाच शाळा-कॉलेजात. महाराजांना कुणी फुटीर म्हणेल का? आणि दोन दिवसांच्या शिबिरापेक्षा वसतिगृहात पोरगं जास्त शिकतं. एक महिना मेसचा हिशोब सांभाळायला द्या, मग बघा. कांदा महागला की शंभर जणांना तोंड कसं द्यायचं ते आपोआप कळतं.

तालिब इल्म:
सरळमार्गी साहेब, दर्सचं एवढं वावडं का? मी अशा शिबिरांत स्वयंसेवक असतो. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली जबाबदारी कशी सांभाळायची, शूरा म्हणजे सल्लामसलतीने निर्णय कसा घ्यायचा, हेच सकाळी सांगतो. आणि व्यवहाराचं बोला: दर्स आहे म्हणून आईबाप मुलींना पाठवतात. तो काढा, निम्मा हॉल रिकामा.

रत्नांग्रीची:
भाई, पाठवतात, पण बसवतात कुठे? गेल्या वर्षी मी होते अशा शिबिरात. शेवटच्या तीन रांगा, मध्ये पडदा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे द्यायचे. मी विचारलं होतं की तालुक्याच्या गावातल्या मुलींनी एमएस्सीला मुंबईत राहायचं कुठे. माइकवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली, घडी घातली, पुढची घेतली. हीच का तुमची शूरा? माझ्या वर्गात मुस्लिम मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. मुलं बारावीनंतर गॅरेजला नाहीतर आखातात. पुढे बसायचं कुणी ते तुम्हीच ठरवा.

तालिब इल्म:
ताई, चिठ्ठीचं झालं ते चूकच. पण सगळीकडे तसं नसतं.

रत्नांग्रीची:
सगळीकडे कसं असतं ते पडद्याच्या अलीकडून तुम्हाला कसं दिसणार?

माजी सीआर:
नेतृत्व निवडणुकीत शिकतात. महाराष्ट्रात कॉलेजातल्या खुल्या निवडणुका १९९४ पासून बंद. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद आली, २०१९ मध्ये पुढे ढकलल्या, संपलं. मुस्लिम पोराने हिंदू पोरांकडे मतं मागायला जायचं, ते सुटल्यावर शिबिरात 'नेतृत्वगुण' पाठ करून काय होणार?

सरळमार्गी:
+१. आणि सरकारने बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संशोधन-प्रशिक्षण संस्था मंजूर केलीय. प्रशिक्षण तिथे होऊ द्या, हिशोब विचारता येतो.

जुना सोलापूरकर:
विचारू की. पण अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये संसदेतल्या एका उत्तरात बंद झाली, तेव्हा पीएचडीची पोरं उघड्यावर पडली. सगळी अंडी सरकारच्या टोपलीत ठेवायची माझी तयारी नाही.

पिंजारवाडा:
वादात पडत नाही. व्हॅलिडिटीला कोतवाल बुक (गावची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही) चालतं म्हणतात, ते मिळतं कुठे?

जुना सोलापूरकर:
तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, गाव नमुना १४ म्हणून मागा. आजोबांचा जन्म कुठल्या गावात आणि साधारण कुठल्या साली, ते आधी घरात विचारून जा, नाहीतर हेलपाटे. जुनी पानं मोडीत असतात, लिप्यंतर करून घ्यावं लागेल.

सरळमार्गी:
माहिती उत्तम. शिबिर ओबीसींचं का नको, याचं उत्तर अजून आलेलं नाही.