सॅलफर्डमधील कोपऱ्यावरचा पब आणि आमच्या गल्लीतील कुटुंबे

प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझे बालपण इंग्लंडमधील सॅलफर्ड शहराच्या ऑर्डसल भागात, गोदीजवळच्या एका गल्लीत गेले. वडिलांच्या नोकरीमुळे तेथे जे भाड्याचे घर मिळाले, त्याची एक भिंत कोपऱ्यावरच्या पबला लागून होती. आमच्या घरात दारूला थारा नव्हता. तरीही १९६० च्या दशकातील त्या गल्लीची कोणतीही आठवण काढली, तरी ती त्या पबपाशीच येऊन थांबते. मालकीणबाई रोज सकाळी गुडघे टेकून दाराची पायरी धूत आणि भंगारवाल्याकडून जुन्या कपड्यांच्या बदल्यात मिळालेला दगड घासून तिच्या कडेला पिवळसर पट्टा ओढीत. ब्रुअरीची गाडी आली की फुटपाथवरची झडप उघडली जाई, दोन माणसे दोर लावून बिअरची पिंपे उतरणीवरून तळघरात सोडीत, आणि खाली ठेवलेल्या गच्च भरलेल्या पोत्यावर पिंप आदळले की आमच्या फडताळातील कपबशा किणकिणत. दुपारी तीनला पबचे दार बंद होई आणि साडेपाचला पुन्हा उघडे. आईचा दिवस घड्याळापेक्षा त्या कडीच्या आवाजावर चाले.

पुढे जुनी वस्ती हटवण्याच्या योजनेत गल्ली पाडली गेली. घरे आधी गेली. पब मात्र सपाट झालेल्या जागेत काही महिने एकटाच उभा होता. वडिलांनी तेव्हा काढलेला त्याचा एकच फोटो माझ्याकडे आहे. शेजाऱ्यांची मला फक्त पहिली नावे आठवतात. त्या कुटुंबांची माहिती शोधण्याचा काही मार्ग आहे का? तशा वस्तीत राहिलेल्या कोणाच्या आठवणी असतील, तर त्याही अवश्य लिहाव्यात.

प्रतिसाद १

मार्ग आहे, आणि तुमच्या काळासाठी तो जनगणनेचा नाही. तेथील जनगणनेचे तपशील शंभर वर्षे बंद ठेवले जातात. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली, १९३१ ची आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. आधीची पिढी शोधायची असेल, तर सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली राष्ट्रीय नोंदणी पाहावी. तीत घरोघरची नावे, जन्मतारखा आणि व्यवसाय आहेत.

१९६० च्या दशकासाठी मात्र मतदार यादी हाच खरा आधार आहे. ती दरवर्षी निघत असे आणि तीत रस्त्याचे नाव, घराचा क्रमांक व त्या घरातील प्रौढ माणसांची पूर्ण नावे असत. राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे मतदानाचा हक्क असल्याने तुमच्या आईवडिलांची नावेही त्याच पानावर सापडण्याची चांगली शक्यता आहे. सॅलफर्डच्या संग्रहालयातच स्थानिक इतिहासाचे ग्रंथालय आहे. सुरुवात तेथून करावी. पबचा परवाना एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे गेला की त्याची नोंद न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होई. शिवाय परवानाधारकाचे नाव दारावर रंगवणे कायद्याने बंधनकारक होते, तेव्हा तो फोटो भिंग घेऊन पाहावा.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाई बोल्टनच्या. त्यांच्या आईच्या लहानपणच्या ज्या गोष्टी त्यांनी मला सांगितल्या, त्यांत पबच्या बाजूच्या भिंतीतील एका छोट्या खिडकीचा उल्लेख वारंवार येई. तेथून बिअर घरी नेता येत असे आणि एकेकाळी वडिलांसाठी जग भरून आणायला मुलांनाच धाडले जाई. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांच्या हाती सीलबंद भांड्याखेरीज दारू देण्यास मनाई केली. त्या खिडकीशेजारी जाड नक्षीदार काचांची एक चिमुकली खोली असे. पुरुषांच्या मुख्य खोलीत जाणे बायकांना प्रशस्त वाटत नसे, म्हणून म्हाताऱ्या बाया तेथे एकेक ग्लास पुढ्यात घेऊन मटारच्या शेंगा सोलीत बसत.

सासूबाईंच्या मते गल्लीला त्या पबचा सर्वांत मोठा आधार होता तो नाताळच्या भिशीचा. प्रत्येक कुटुंब दर आठवड्याला थोडे पैसे जमा करी, मालक वहीत नोंद ठेवी आणि डिसेंबरात सगळी रक्कम परत मिळे. नवऱ्याचा पगार पबमध्ये उडतो म्हणून रडणारी बाईसुद्धा आपली शिल्लक त्याच पबमध्ये ठेवी, आणि हे सांगताना सासूबाईंचा आवाज नेहमी बदले.

प्रतिसाद ३

या आठवणी मोलाच्या आहेत, परंतु त्यांत एक गोष्ट राहून जाऊ नये असे मला तळमळीने वाटते. त्याच काळात अनेक पबमध्ये आपल्यासारख्या माणसांना एक तर आत घेत नसत किंवा वेगळ्या खोलीत बसवीत. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये अवतारसिंग जोहल आणि भारतीय कामगार संघटना याविरुद्ध लढली. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स तेथे येऊन गेले, आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक जागांतील असा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे त्याच परिसरातील कित्येक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. तुमचे वडील त्या दाराच्या आत कधी गेले होते का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. वडील आत कधीच गेले नाहीत. घरची शिस्त हे त्याचे कारण आम्ही धरून चाललो होतो. तिसरा प्रतिसाद वाचल्यावर मात्र वाटते आहे की ते कदाचित एकमेव कारण नसेल, आणि आता विचारायला ते नाहीत. मालकीणबाईंनी मात्र आईच्या आजारपणात आठवडाभर आमच्या शेगडीसाठी कोळसा पाठवला होता, हेही तितकेच खरे आहे.

काल रात्री फोटो भिंगाखाली धरला. दारावरच्या पट्टीवर दोन आद्याक्षरे आणि आडनाव स्पष्ट वाचता येते. आद्याक्षरे मालकांची नाहीत, मालकीणबाईंची आहेत. परवाना त्यांच्याच नावावर होता, हे मला इतक्या वर्षांनी कळले. १९६६ च्या मतदार यादीसाठी आजच ग्रंथालयाला पत्र लिहीत आहे.