मदत हवी आहे: झाडीतलं हरीण आणि उघड्या डोंगरावरचं हरीण, दोन्हीला एकच गोळी चालेल का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, शिकार इथली नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने तो विषय मिटलाय आणि मिटलाय तेच बरं. प्रश्न न्यूझीलंडचा आहे. तिथलं हरीण मूळचं नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी नेऊन सोडलं, ते वाढलं आणि आता रान खातंय. परमिट काढून सरकारी जंगलात मारता येतं. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. रीतसर लायसन्स आहे, .308 ची (हे गोळीच्या जाडीचं माप, इंचात) रायफल आहे. परवा रात्री फोन आला, "मामा, तू तर तोफखान्यात होतास. गोळी कोणती घेऊ?"

आता काय सांगू! माझी नोकरी गेली देवळालीत आणि सरहद्दीवर, बोफोर्सच्या 43 किलोच्या गोळ्यांत. हा विचारतोय दहा-अकरा ग्रॅमच्या गोळीचं. पण मामाला "माहीत नाही" म्हणायची सोय नसते.

तो दोन ठिकाणी जाणार आहे. एक, पश्चिम किनाऱ्याचं ओलं जंगल. फोटो पाहिला, आषाढात हरसूलकडे कारवीत शिरल्यावर पुढचा माणूस दिसत नाही ना, अगदी तसं. जनावर दिसलं तर 30-40 मीटरवर. दुसरं, डोंगराच्या पूर्वेची गवताळ उतरण, चांदवडच्या डोंगरांसारखी बोडकी. तिथे 250-300 मीटरवरून मारावं लागतं.

एक गोष्ट मी ठामपणे सांगितली: फौजी गोळी नको. पूर्ण कवचाची गोळी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. आत शिरून फुलणारी गोळीच हवी. गंमत बघा, तीच गोळी लढाईत 1899 च्या हेग जाहीरनाम्याने मना केलेली. डमडम म्हणतात ती, आपल्या कोलकात्याजवळच्या कारखान्याच्या नावावरून.

दुकानदाराने त्याला सांगितलंय की झाडीसाठी बोथट, जड 180 ग्रेनची घे (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, साधारण 15 ग्रेनचा एक ग्रॅम), ती काटक्या कापत जाते. उघड्यावर 150 ग्रेनची. मला हे काटक्यांचं पटत नाही. जाणकारांनी सांगावं. दोन्ही डबे घ्यायचे का?

प्रतिसाद १

सुभेदारसाहेब, तुमची शंका बरोबर आहे. काटकीला लागली की कुठलीही गोळी वळते, जडही वळते. फट दिसेपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

जागेप्रमाणे बदलतो तो जनावरावर आदळतानाचा वेग. .308 ची गोळी नळीतून सेकंदाला 820-850 मीटरने सुटते. 30 मीटरवर तो वेग जवळपास तसाच असतो. तिथे मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरते, आत पोचत नाही आणि मांसाचा चिखल होतो. 300 मीटरवर वेग साडेसहाशेच्या आसपास येतो. तिथे फार टणक गोळी नीट फुलतच नाही. म्हणून शिसं कवचाला घट्ट सांधलेली, 165 ग्रेनची एकच घ्या. दोन डबे घेतले की दोन्ही वेगवेगळ्या जागी लागतात आणि ऐन वेळी रायफलमध्ये कुठली भरलीय तेच आठवत नाही. माझं एकदा झालंय. क्लबात होतो म्हणून नुसतं हसण्यावारी गेलं.

धागाकर्ता

आभार! रायफल 100 मीटरला झिरो केलेली आहे, म्हणजे 100 मीटरवर नेम धरला तिथेच गोळी लागते. 300 ला किती खाली जाईल?

प्रतिसाद २

हातभर. 200 ला झिरो केली तर 300 ला वीतभर, थोडं जास्तच. मधे 100 ला दोन-अडीच इंच वर लागेल, हरणाच्या छातीला तेवढं चालतं. त्याच डब्यातल्या गोळ्यांनी कागदावर खात्री करून घ्यायला सांगा. आणि चढावर किंवा उतारावर मारताना तिरकं अंतर धरायचं नाही, आडवं धरायचं. हे तुम्हाला मी काय सांगणार!

एक विचारू? मांस घरी खाणार का? लहान मूल असेल तर शिशाचा विचार करा. फुटलेल्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसतही नाहीत. पूर्ण तांब्याची गोळी असली तर ती भानगड नाही. फक्त ती फुलायला वेग जास्त लागतो, म्हणून 165 ऐवजी 150 ची घ्या आणि 300 च्या पुढे मारू नका.

धागाकर्ता

नातू तीन वर्षांचा आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत्ताच भाच्याला फोन केला. तांब्याची, 150 ग्रेन, एकच डबा, झिरो 200 ला. तो म्हणाला, "मामा, वीतभर म्हणजे किती सेंटिमीटर?" मग स्वयंपाकघरातल्या भिंतीला वीत लावून पट्टीने मोजली. 22 भरली. "थोडं जास्तच" म्हणून 25 कळवलेत. बायको पोळ्या लाटता लाटता बघत होती, काही बोलली नाही.