"ख्रिस्ती ते समजलं हो, पण मूळचे कोण?"

सदरकर
मुलाचं लग्न जमवतोय. बायोडेटात धर्म 'ख्रिस्ती' लिहिला, जातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. गेल्या रविवारी एका घरून फोन आला. तेही ख्रिस्तीच, उपासना न चुकवणारे. शिक्षण, नोकरी, नागपुरातल्या सदर भागातलं घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारून झालं. मग जरा आवाज खाली आणून, "ख्रिस्ती ते समजलं हो, पण मूळचे कोण?"

मी म्हणालो, "मूळचे देवाचे."

पलीकडे शांतता. मग "बरं, कळवतो." आता कसले कळवतात!

मी काही टोमणा मारला नव्हता, माझा त्यावर विश्वास आहे. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:९) विश्वासणाऱ्यांना देवाचे स्वतःचे लोक म्हटलंय. त्यातच प्रेषित पौल करिंथकरांना सांगतो, तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन घेतलेले आहात. पगार, पदवी, खापरपणजोबा हे सगळं त्यानंतर. मी चुकलो का?

गिट्टीखदानवाला
काका, वाक्य झकास आहे. पण ते बोलायला परवडावं लागते ना! माझ्या आजोबांना बाप्तिस्म्याआधी गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, बाप्तिस्म्यानंतरही नाहीच दिलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे सरकारदरबारी आमची जात गेली, गावात तशीच राहिली, अन् मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सोयरीक निघेपर्यंत गेलेली असते. तुम्ही हा सगळा हिशेब दोन शब्दांत मिटवून राहिले.

संत्राबर्फी
मी ख्रिस्ती नाही, तरी विचारते. तुम्ही देवाचे, मग शेजारचे आम्ही कोणाचे? बाजूच्या काकू नाताळला करंज्या पाठवतात, मी दिवाळीला चकल्या. उद्या त्यांनी 'आम्ही निवडलेले' म्हटलं तर चकली घशात अडकेल माझ्या.

सदरकर
ताई, चकल्या पाठवत राहा. निर्माण केलेले म्हणून सगळेच त्याचे. पौल जे सांगतो ते त्यापुढचं, आणि शब्द आपल्या घरातलाच वापरतो: दत्तक (रोमकरांस ८:१५). रोमी कायद्यात दत्तक मुलगा नव्या बापाचा पुरता वारस व्हायचा. आपल्याकडेही दत्तकाचं गोत्र बदलतंच. दत्तक गेलेलं पोर काही कमावून वारस होत नाही, बापाने घेतलं म्हणून होतं. त्यात मिरवायला जागा कुठे? म्हणून तर 'मूळचे कोण' हा प्रश्न मला खटकतो. दत्तक झाल्यावर जुनं गोत्र कोण विचारतं?

महालचा_मुक्काम
दत्तक? अन् ते नागपुरात सांगता? १८५३ मध्ये इथले राजे तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता गेले. राजघराण्याने दत्तक पुढे केला, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही, १८५४ मध्ये राज्य खालसा. घरच्यांनी दत्तक घेणं वेगळं, ज्याच्या हाती शिक्का त्याने तो मान्य करणं वेगळं. देवाने घेतलं असेल हो तुम्हाला. पण तुमच्या मंडळीतच घराघरात एकेक डलहौसी बसलाय, त्याचं काय?

गिट्टीखदानवाला
राजे हो, हेच म्हणत होतो मी! अन् काका, हेही बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. आपल्या सदरमधल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. बिशप लोकांचं जमलं, व्याह्यांचं अजून जमायचं आहे.

जुनी_वही
सगळेच घाईत दिसता. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पत्नी लक्ष्मीबाईंचा थेट १९०० मध्ये. एकाच घरात पाच वर्षं! त्यातही टिळकांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. म्हणून सदरकरांचं 'हे सगळं त्यानंतर' मला पटत नाही. आपण देवाचे असतो ते भाषेसकट, आजोबांच्या विहिरीसकट. ते पुसून देवापुढे उभं राहायचं तर उभं कोण राहणार?

सदरकर
विहिरीचं मान्य. माझ्या आजोबांचं मूळ मी मुलाला सांगितलेलं आहे, लाज म्हणून लपवलेलं नाही. पण आजोबांची आठवण ठेवणं वेगळं आणि फोनवर कोणी तिचा भाव करणं वेगळं. गिट्टीखदानवाल्यांनी आदेशाचं काढलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, मला ती रेघ मारायला काही पडलं नाही, हे खरंच.

संत्राबर्फी
मग बायोडेट्याचं काय ठरलं?

सदरकर
झेरॉक्सवाल्याकडे पडून आहे. मुलगा म्हणतो रकानाच काढून टाका. बायको म्हणते रेघ राहू द्या, निदान लोक विचारतील तरी. आज सकाळी परत एक फोन आला होता, तिनेच घेतला. काय सांगितलं ते मला अजून सांगितलेलं नाही.