'कमांड'ला मराठीत काय म्हणायचं? आज्ञा, हुकूम की आणखी काही?

माळावरची
गावच्या वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग घेते. माऊस धरला की काहींचा हात थरथरतो, लागोपाठ दोनदा क्लिक जमत नाही. म्हणून मी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायला शिकवते. 'रन' नावाची छोटी चौकट उघडते, तिच्यात इंग्रजी अक्षरांत 'नोटपॅड' किंवा 'कॅल्क' लिहून एंटर दाबलं की झालं. आता याची चार पानी पुस्तिका करतेय. 'चौकटीत आज्ञा लिहा' असं मी लिहिलं, तर एका आजोबांनी चौकटीत लिहिलं, 'कृपया कॅल्क्युलेटर उघडणे'. चूक त्यांची नाही, माझ्या शब्दाची आहे. 'रन' आणि 'कमांड' या दोन्हींसाठी शब्द सुचवा.

जुना कळफलक
आज्ञाच बरोबर आहे. प्रोग्रॅमला आपण आज्ञावली म्हणतो, मग त्यातली एकेक ती आज्ञा. हुकूम अरबीतून आला, फर्मान फारसीतून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असे शब्द बदलण्यासाठीच. आजोबांना शब्द समजावून सांगा, शब्द बदलू नका.

पाटकरी
काका, मुद्दा पटत नाही. हुकूम, हुकमी, हुकमाचा एक्का यांना आज परके कोण म्हणेल? उलट 'आज्ञा' म्हटलं की आमच्या घरी निरोप घेताना म्हणायचं 'आज्ञा असावी' आठवतं, म्हणजे परवानगीच.
मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. तिथे 'कमांड एरिया' असायचा. त्याचं मराठी करताना कोणी आज्ञाक्षेत्र केलं नाही, लाभक्षेत्र केलं. कालव्याचं पाणी जिथवर पोचतं ती जमीन. कमांड या शब्दाकडे न बघता वस्तूकडे बघितलं. शेतकरी मात्र 'आमचं रान कमांडात नाही' असंच म्हणतात आणि एकमेकांना कळतं.

आडनावबाई
पाटकरींचं तेच सूत्र इथे लावून बघू. त्या चौकटीत आपण नक्की काय लिहितो? 'कॅल्क' हे आज्ञार्थी क्रियापद नाही, नाम आहे. उघड, चालव, दाखव असं काहीच त्यात नाही. ते प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव असतं आणि विंडोज ते ठरलेल्या फोल्डरांत शोधून काढतं. 'कंट्रोल' लिहिलं की कंट्रोल पॅनेल, 'विनव्हर' लिहिलं की विंडोजची आवृत्ती सांगणारी खिडकी. नाव घेतलं की तो येतो, याला मराठीत हाक म्हणतात.
विंडोज १० वर 'पीब्रश' लिहून बघा, पेंट उघडतो. पेंटब्रश हे त्याचं जुनं नाव, विंडोज ९५ मध्ये तो पेंट झाला. माहेरच्या नावानं हाक मारली तरी ओ देतो.

जुना कळफलक
नाम आहे म्हणून आज्ञा नाही, हे चूक. शाळेत कवायतीला 'सावधान' म्हणत, ते कुठे क्रियापद आहे? तरी अख्खा वर्ग ताठ उभा राहायचा.

आडनावबाई
'सावधान' मागे 'व्हा' लपलेलं आहे.

जुना कळफलक
तसं 'कॅल्क' मागे 'उघड' लपलेलं आहे.

गोठण
हाक मला फार आवडला, आणि 'रन'चा प्रश्नही त्यातच सुटतो. हाक आणि हाकणे एकाच घरचे. आमचे आजोबा गाडी 'चालवत' नसत, हाकत. बैलाला आधी हाक, मग गाडी हाकायची. शिवाय बोलण्यात सगळे 'कमांड मार' म्हणतात आणि हाकही मारतातच, त्यामुळे क्रियापद बदलावं लागत नाही.

पाटकरी
हाकणे म्हणजे पुढे घालून नेणे. कॅल्क्युलेटर कुठे न्यायचा आहे? 'चालवा' पुरे.

रात्रपाळी
मी संगणक दुरुस्तीचं काम करतो, म्हणून वेगळंच सांगतो. सध्या काही खोट्या पानांवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं येतं आणि खाली पायऱ्या असतात: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. त्या पानानं गुपचूप कॉपी करून ठेवलेली लांबलचक ओळ चौकटीत पडते आणि घातक प्रोग्रॅम उतरवून चालू करते. ती हाक नव्हे, ती पूर्ण आज्ञा आहे, आणि दुसऱ्यानं तुमच्या हातून दिलेली. ताई, शब्द कुठलाही घ्या, पण 'स्वतः अक्षरं लिहा, या चौकटीत कधीही पेस्ट करू नका' हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा.

माळावरची
छापते. हे मला माहीतच नव्हतं. पेस्ट करणं मी त्यांना गेल्याच आठवड्यात शिकवलंय, उद्या पुन्हा सगळ्यांना सांगावं लागेल. कोणी आधीच तसं केलं असेल तर काय करायचं?

रात्रपाळी
आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद करा. मग दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, आणि संगणक जाणकाराला दाखवा.

माळावरची
आजच्या वर्गात कोणी तसं केलेलं नव्हतं. आणि मी 'हाक' वापरून बघितला. एक आजी म्हणाल्या, "बाई, नोटपॅडला हाक मारली, ओ देईना." जाऊन बघितलं तर नोट आणि पॅडच्या मध्ये मोकळी जागा सोडली होती. नाव तोडलंत म्हणून ओळखलं नाही, एवढं सांगितलं आणि त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं.

जुना कळफलक
एका वर्गात चालला म्हणून शब्द रूढ होत नाही. पुस्तिकेत आज्ञा ठेवा, पाहिजे तर कंसात हाक द्या. आणि 'अक्षरं लिहा' का? 'टंका' म्हणा.

गोठण
'टंका' नको हो काका. टाइप करा म्हणू दे त्यांना.